एका रात्रीचा केर

“रात्री नऊला पोचलो, सकाळी दहाला निघालो. गॅससुद्धा पेटवला नाही. मग सफाईचे दीड हजार कशाचे?”

लोणावळा, कर्जत, अलिबाग, नाहीतर गोवा. सुट्टीत बंगला किंवा फ्लॅट एका रात्रीपुरता भाड्याने घेतलेल्या माणसाच्या तोंडून हा सवाल हमखास येतो. मोबाइलवरच्या काही अॅपवर घर शोधताना सहा हजार दिसलेले असतात. फोटो पाहून, घरच्यांशी बोलून, तारीख पक्की करून पैसे भरायच्या पानावर यावं, तर भाड्याखाली सफाईचं शुल्क, त्याखाली अॅपच्या कंपनीचं शुल्क, त्याखाली कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं पुटपुटत माणूस शेवटी पैसे भरतो, कारण तोवर मुलांनी पोहायचे कपडे बाहेर काढलेले असतात.

ही चीड खोटी नाही. पण तिच्यात दोन तक्रारी एकमेकींत कालवल्या गेल्या आहेत. पैसे का घेतले, ही एक. ते शेवटच्या पानावर का सांगितले, ही दुसरी. दुसरीकडे नंतर वळू. पहिली सोडवायची तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी लागते: घर साफ करायचा खर्च रात्री मोजून होत नाही, पाहुणा बदलला की होतो. माणसं एक रात्र राहोत की पाच, ती गेल्यानंतर आणि पुढची यायच्या आत घर एकदा संपूर्ण साफ करावं लागतं. तेरा तास राहिलेल्याचा केर आणि पाच दिवस राहिलेल्याचा केर यांत फरक असतो, पण पाचपट नसतो.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला लोणावळ्यातल्या एखाद्या चार बेडरूमच्या बंगल्यात डोकावून पाहा. आधीचे पाहुणे आत्ताच गेलेत, पुढचे दोनला यायचेत. केअरटेकर आणि त्याची बायको कामाला लागतात. गर्दीच्या दिवसांत गावातली आणखी एखादी बाई रोजावर बोलावलेली असते. आधी सगळ्या पलंगांवरच्या चादरी आणि अभ्रे ओढून काढायचे. एका पलंगावर कुणी झोपलंच नाही असं वाटतं, पण उशीला पडलेला खळगा आणि अभ्र्यावरचा तेलाचा डाग सांगतो की दुपारी कुणीतरी लवंडलं होतं. नुसती शंका असली तरी चादर बदलायचीच. पुढच्या पाहुण्याला एक केस सापडला तर तो त्याचा फोटो काढून अभिप्रायात टाकतो, आणि तो फोटो पुढे वर्षभर घराची ओळख होऊन बसतो. टॉवेल दहा दिलेले असतात. त्यातले दोन पूलच्या कडेला ओले पडलेले, एकाने कुणीतरी गाडीची काच पुसलेली, एकावर हळदीचा डाग. साबण लागला की हा डाग लाल होतो आणि मग सहज हार मानत नाही.

स्वयंपाकघराची तऱ्हा निराळी. गॅस पेटवला नसेल, पण बाहेरून मागवलेल्या बिर्याणीचा भात सिंकच्या तोंडाशी अडकलेला असतो. फ्रीजमध्ये अर्धं लिंबू, तोंड उघडी दह्याची पिशवी, दोन घोट उरलेली सरबताची बाटली. वाढदिवस असला तर विचारूच नका. केक खायचा कमी आणि तोंडाला फासायचा जास्त, ही पद्धत आता गावोगाव रुजली आहे, आणि फासलेला केक सोफ्याच्या शिवणीत शिरतो. पार्टी पॉपरमधली चमचमती कागदं झाडूला दाद देत नाहीत, हिरवळीतून एकेक वेचावी लागतात. वाऱ्याने पूलमध्ये गेली तर फिल्टरपर्यंत जाऊन बसतात. मग जाळीने पाणी स्वच्छ करायचं, फिल्टर उलटा धुवायचा, क्लोरीन टाकायचं. कोकणात समुद्राजवळच्या घरात वेगळा ताप: न्हाणीघराच्या जाळीत वाळू आणि केसांचा मिळून एक गोळा होतो आणि तो बोटांनीच काढावा लागतो.

पावसाळ्यात लोणावळ्याला चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. घरात वॉशिंग मशीन असलं तरी गाठोडं लाँड्रीत जातं. तिथे नगावर नाहीतर किलोवर पैसे. त्यामुळे नीट चालवलेल्या घरात प्रत्येक पलंगामागे चादरींचे तीन जोड ठेवावे लागतात, एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. चादर घरी चार वर्षं टिकते ती इथे पुन्हा पुन्हा गरम पाण्यात पडून लवकर विरते, तोही खर्चच.

आता हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा रात्रीचं भाडं ६,००० रुपये आणि सफाईचे १,५००. एक रात्र राहिलात तर ७,५००. दोन रात्री राहिलात तर १३,५००, म्हणजे रात्रीला ६,७५०. पाच रात्रींचे ३१,५००, रात्रीला ६,३००. आठवडाभर राहिलात तर ४३,५००, रात्रीला साधारण ६,२१४. तेच दीड हजार एका रात्रीच्या पाहुण्याला भाड्याच्या पाव हिश्श्याएवढे जड लागतात आणि आठवडाभर राहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाहीत. घरमालकाने कुणाला जास्त लावलं नाही, कुणाला कमी लावलं नाही. खर्च एकच आहे. तो किती रात्रींवर पसरला एवढाच फरक.

रिक्षाच्या मीटरला आपण हे कधीच विचारत नाही. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये झाले. स्टेशनपासून अर्धा किलोमीटर गेलात तरी २६च. किलोमीटरच्या भावाने पाहिलं तर ही लूट आहे, पण कुणी तसं म्हणत नाही, कारण रिक्षा थांबायला, वळायला, पुढचं गिऱ्हाईक शोधायला जे लागतं ते अर्ध्या किलोमीटरलाही लागतंच. आणि दुसरं असं, की मीटर पाडल्याबरोबर २६ दिसतात. उतरताना दिसत नाहीत.

“मग हे दीड हजार भाड्यातच का नाही धरत?” हा पुढचा प्रश्न, आणि वरवर पाहता रास्त. धरून पाहू. या घरात लोक सरासरी दोन रात्री राहतात असं समजा. मालक रात्रीचा भाव ६,७५० करतो आणि सफाईची ओळ पुसून टाकतो. एका रात्रीचा पाहुणा खूश, त्याचे ७५० वाचले. पण आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाला आता ४७,२५० मोजावे लागतात, आधीपेक्षा ३,७५० जास्त. घर त्यांच्यासाठी एकदाच साफ झालं, पैसे त्यांनी साडेतीन वेळांचे दिले. म्हणजे शनिवारी रात्री केक फासून गेलेल्यांची सफाई या कुटुंबाने केली, फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही.

गोष्ट इथेच थांबत नाही. एक रात्र स्वस्त झाली की एका रात्रीचेच पाहुणे जास्त येतात. आठवड्याचे पाहुणे दुसरीकडे वळतात. सरासरी दोनवरून दीडवर उतरते, सफाईच्या फेऱ्या वाढतात, मालकाचे पैसे पुन्हा कमी पडतात. मग तो भाव वाढवतो, किंवा सोपा उपाय करतो: ‘किमान दोन रात्री’. गोव्यात नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत एका रात्रीसाठी घर शोधून पाहा, म्हणजे या उपायाची ओळख होईल. जो सफाईच्या दीड हजारांवर रागावला होता त्याला आता घरच मिळत नाही. तेव्हा एका रात्रीच्या पाहुण्यापुढे खरं तर एवढंच आहे: आपला केर आपण भरावा, दुसऱ्याने भरावा, नाहीतर आपल्याला दारातच अडवावं. यातलं पहिलं मला सर्वांत सरळ वाटतं.

या शुल्काची चाल आली कुठून, हे पाहिलं तर एका रात्रीशी त्याचं का जमत नाही ते कळतं. अमेरिकेत समुद्रकाठची सुट्टीची घरं पूर्वापार आठवड्याने भाड्याने जात. नॉर्थ कॅरोलायनातल्या आउटर बँक्स या किनाऱ्यावर उन्हाळ्यात बहुधा शनिवार ते शनिवार अशी घरं मिळण्याची रीत आहे. शनिवारी सकाळी एक कुटुंब जायचं, सफाईवाल्यांची फौज घरोघर फिरायची, दुपारी दुसरं कुटुंब यायचं. सात रात्रींवर पसरलेल्या त्या सफाईबद्दल कुरकुर करायला कुणाला सुचलं नाही. युरोपात सुट्टीच्या घरांना ‘अंतिम सफाई’ वेगळी लावायची पद्धत जुनीच. फ्रान्समधल्या खेड्यांतल्या कित्येक घरांत अजून विचारतात, स्वतः झाडून-पुसून जाणार की पैसे देणार? मग २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबी ही इंटरनेटवरून घरं भाड्याने मिळवून देणारी कंपनी सुरू झाली. तिची सुरुवात राहत्या घरातल्या दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून झाली होती. तिथे मालक घरातच, झाडू त्याचाच, सफाईच्या वेगळ्या ओळीचं कारणच नव्हतं. पुढे याच दुकानात राहत्या घरांतल्या खोल्यांशेजारी पूर्ण रिकामी घरं येऊन बसली आणि आठवड्याऐवजी रात्रीवर मिळू लागली. आठवड्याची सफाई एका रात्रीच्या अंगावर आली ती अशी.

हॉटेल वेगळे पैसे मागत नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. हॉटेलातही पाहुणा बदलण्याचा खर्च होतो. तिथली हाउसकीपिंगची माणसं पाहुणा गेलेली खोली आणि पाहुणा राहत असलेली खोली यांत नेहमी फरक करतात, कारण पहिलीला वेळ जास्त लागतो. पण शंभर खोल्यांच्या हॉटेलात माणसं पगारावर असतात, एका पाळीत एकेक जण बारा-पंधरा खोल्या उरकतो, धुलाई एकगठ्ठा होते, खोलीत ना स्वयंपाकघर ना हिरवळ. खर्च कमी, आणि तो शंभर दारांवर वाटलेला. पाच रात्री राहणारा पाहुणा एका रात्रीवाल्याचा भार तिथेही उचलतोच. फक्त प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की कुणी विचारत नाही. एकट्या बंगल्याला ही चैन परवडत नाही. त्याला दार एक, पाहुणा एक, केरही एकाचाच. (हॉटेलवाले साधू आहेत असं यातून कुणी समजू नये. लास व्हेगासच्या हॉटेलांनी खोलीभाड्यावर सक्तीची ‘रिसॉर्ट फी’ लावून जे केलं त्यापुढे सफाईचं शुल्क बापडं आहे.)

इथवर मी घरमालकाची वकिली केली. आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू, आणि तिथे वकिली चालणार नाही.

घर शोधताना यादीत जोवर फक्त रात्रीचं भाडं दिसत होतं, तोवर स्वस्त दिसायचा सोपा मार्ग उघडा होता. भाडं हजाराने उतरवायचं, सफाई हजाराने चढवायची. यादीत घर स्वस्त दिसतं, पैसे शेवटी तेवढेच येतात. एका प्रामाणिक मालकाने सफाई खऱ्या खर्चाइतकी ठेवली तर तो यादीत महाग दिसणार. त्यामुळे त्यानेही हळूहळू शेजाऱ्याची वाट धरली. कुणी ते शुल्क एका रात्रीवाल्यांना परतवून लावायला वापरलं. २०२० मध्ये कोरोनाने सफाईचे नियम खरोखरच वाढवले, खर्चही वाढला. साथ ओसरली पण बऱ्याच ठिकाणी वाढलेला आकडा तिथेच राहिला. जे शुल्क केराचं होतं त्याचा असा खिसा झाला. हवं ते त्यात कोंबावं.

त्यातून पाहुण्यांना सर्वांत झोंबली ती एक भलतीच गोष्ट. सफाईचे पैसे घेऊन वर कामांची यादी: चादरी काढून मशीनला लावा, भांडी घासा, केर बाहेर नेऊन ठेवा, जमीन पुसून जा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांना जाहीरपणे सांगावं लागलं की चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम मारणं अशी कामं पाहुण्यावर लादू नयेत. दिवे बंद करणं, उष्टं-खरकटं कचऱ्यात टाकणं, दाराला कुलूप लावणं एवढं मागायला हरकत नाही. आपल्याकडे हा प्रकार कमी, कारण इथे घरात केअरटेकर असतो. आपल्याकडची युक्ती निराळी आहे. ‘परत मिळणारं डिपॉझिट’ घ्यायचं, सफाईचं शुल्कही घ्यायचं, आणि निघताना “घर फार घाण केलंत” म्हणून डिपॉझिटमधून पुन्हा सफाई कापायची. एकाच केराचे दोनदा पैसे. डिपॉझिट तुटक्या काचेसाठी असतं, सांडलेल्या चहासाठी नाही, हे पैसे देण्याआधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं.

शेवटच्या पानावरच्या या चाळ्यांना आळा बसला तो बाहेरून. २०१८ साली युरोपीय आयोगाने एअरबीएनबीला किमती दाखवण्याची रीत सुधारायला लावली, आणि तिथल्या ग्राहकाला सफाई धरून एकूण रक्कम आधीच दिसू लागली. अमेरिकन ग्राहकाला डिसेंबर २०२२ मध्ये एक बटण मिळालं. ते दाबलं तर एकूण रक्कम, नाहीतर जुनीच तऱ्हा. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून किंमत आधी पूर्ण सांगण्याची सक्ती केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ला लागू झाला, तो फक्त दोन धंद्यांना: कार्यक्रमांची तिकिटं आणि थोड्या दिवसांची राहण्याची सोय. त्याच्या थोडं आधी, एप्रिलमध्ये, एअरबीएनबीने जगभर सगळ्यांनाच सफाईसकट रक्कम पहिल्यापासून दाखवायचं ठरवलं. या अमेरिकन नियमात एक बारकावा आहे आणि तो मला फार शहाणा वाटतो. त्याने कुठलंही शुल्क बंद केलं नाही, कशावर मर्यादा घातली नाही. सफाईचे पाच हजार घ्या, दहा हजार घ्या. फक्त पहिल्या आकड्यात घ्या. भाड्यातून सफाईत पैसे सरकवण्यात मग काही मिळतच नाही.

आपल्याकडे कायदा तोंडाने मागे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करत जाणं हा त्यातला एक. हॉटेलातल्या जेवणावरच्या सर्व्हिस चार्जचं प्रकरण तर गाजलंच. २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने तो सक्तीने घेऊ नका म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काही जण सफाईचं शुल्कही त्याच माळेत ओवतात. मला ते पटत नाही. वाढणं हे जेवणाच्या किमतीतच आलं, त्यासाठी वेगळं काही घडत नाही. सफाईमागे मात्र वर सांगितलेलं सगळं काम उभं आहे: वाळूचा गोळा, केकचा सोफा, लाँड्रीचं गाठोडं. आणि एक परीक्षा आहे जिच्यात हे शुल्क पास होतं. एअरबीएनबीवर घरात पाऊल टाकण्याआधी बुकिंग रद्द केलं तर भाडं बुडू शकतं, सफाईचे पैसे मात्र परत मिळतात. पाहुणा आलाच नाही, केर झालाच नाही, मग पैसे कसले?

पण त्याच कसोटीवर आपल्याकडच्या अनेक बंगल्यांची पंचाईत होते. अमेरिकेत सफाईवाली बाहेरून येते आणि दर फेरीचे पैसे घेते; मालकाच्या खिशातून पाहुण्यागणिक ठरावीक रक्कम जाते, तीच तो पाहुण्याकडून घेतो. लोणावळ्यातल्या केअरटेकरला महिन्याचा पगार असतो. तो मागच्या खोलीत राहतो, बंगल्यावर पाहुणे असोत की नसोत. सलग तीन दिवस तीन पार्ट्या आल्या तर त्याला तीन पगार मिळत नाहीत. तेव्हा त्याच्या श्रमाच्या नावाने पाहुण्याकडून दर खेपेला दीड हजार घेणं म्हणजे परदेशातून ओळ उचलली आणि तिचं कारण तिकडेच ठेवलं. लाँड्री, रोजावरची बाई, क्लोरीन, साबण हे खर्च खरे, ते घ्या. पगाराचा खर्च भाड्यातच जायला हवा, कारण तो पाहुणा बदलण्याने वाढत नाही. नाहीतर दुसरा मार्ग आहे आणि मला तो जास्त आवडेल: दर खेपेच्या सफाईतला ठरलेला वाटा त्या नवरा-बायकोला द्या. तेवढ्याने ती ओळ खरी होते.

गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वरकडे जा, तिथे ही ओळ दिसणार नाही. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी, माणशी दर, त्यात दोन वेळचं जेवण, सकाळी घावणे आणि आग्रह. एक रात्र राहिलात तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. आपण याला कोकणातलं अगत्य म्हणतो आणि ते असतंही. पण तुम्ही गेल्यावर तीच चादर, तीच वाळू, तेच न्हाणीघर असतंच. ते घरच्या काकू करतात, मदतीला सून असली तर सून. त्यांच्या कामाचा हिशेब कुणी मांडलेला नाही, म्हणून तो बिलातही येत नाही. सफाईच्या शुल्कावर कितीही टीका केली तरी त्याने एक काम केलं: जे काम घरातल्या बायकांच्या खात्यावर फुकट जमा होत असे त्याला आकडा दिला. काकूंनी उद्या माणशी दरात शंभर रुपये वाढवून “ते चादरींचे” असं सांगितलं, तर मी तरी घासाघीस करणार नाही.

राहिला एका रात्रीच्या सवलतीचा मुद्दा. एअरबीएनबीवर मालकाला एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी सफाई कमी लावायची सोय दिलेली आहे. हेतू चांगला आहे, आणि एका जोडप्याने एकच खोली, दोन टॉवेल वापरून सकाळी निघावं अशा ठिकाणी तो बरोबरही ठरतो. पणजीतला एक बेडरूमचा फ्लॅट असेल तर मालकाने ही सवलत जरूर द्यावी. चार बेडरूमच्या बंगल्यात दहा जणांची एक रात्र मात्र पाच शांत रात्रींपेक्षा जास्त काम करून ठेवते. तिथे रात्री मोजून सवलत देणं चुकीचं; माणसं आणि उघडलेल्या खोल्या मोजून द्यायला हवी. काही मालक आता तसं करू लागलेत: दोघंच येणार असाल तर दोन खोल्यांना कुलूप, भाडं कमी, सफाईही कमी. हिशेब कुणाला समजवावा लागत नाही. शिवाय दहा जणांच्या टोळक्याला दीड हजार माणशी दीडशे पडतात, म्हणजे एका चहा-भज्यांचे. एका रात्रीचा जाच खरोखर होतो तो दोघांना.

म्हणून माझा सल्ला असा. दोघांना एकच रात्र काढायची असेल तर हॉटेलात जा, नाहीतर काकूंकडे. पूर्ण घर तुम्हाला महागच पडणार आणि त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. माणसं आठ-दहा असतील किंवा मुक्काम दोन रात्रींहून जास्त असेल तर घर घ्या. दोन घरांची तुलना करताना भाडं पाहू नका, सफाई पाहू नका. कर धरून शेवटची रक्कम घ्या आणि तिला रात्रींनी भागा. आणि सफाईच्या आकड्यावरून घासाघीस करायचीच असेल तर “कमी करा” म्हणण्याआधी मालकाला एवढं विचारा, की यातले घर साफ करणाऱ्याच्या हातात किती पडतात. उत्तर गुळमुळीत आलं तर खुशाल अडून बसा.